विद्यार्जन आणि अर्थार्जन : परदेशस्थ मराठी विद्यार्थ्यांच्या श्रमाचा व त्यावरील निर्बंधांचा इतिहास

१. विषयप्रवेश

ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले स्थानक कळवा हे होय. मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी खुला झाला व १ मे १८५४ रोजी तो कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून खाडीकाठचे हे गाव मुंबईच्या वाटेवर आले. पुढे १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणारा हा परिसर कामगारांचा व चाकरमान्यांचा झाला. अशा वस्तीत सकाळी महाविद्यालयात जाऊन दुपारनंतर दुकानात, कचेरीत किंवा शिकवणीच्या वर्गात काम करणारा तरुण ही नवलाची गोष्ट नव्हे. त्याच्या ह्या धडपडीचे शेजारीपाजारी कौतुकच करतात.

हाच तरुण अमेरिकेत अथवा इंग्लंडात शिकावयास गेला, म्हणजे त्याच्या श्रमाचा अर्थ पालटतो. आठवड्यातील विसाव्या तासापर्यंत त्याचे काम कायदेशीर असते. एकविसाव्या तासाला तोच मनुष्य, त्याच दुकानात, तेच काम करीत असता अपराधी ठरतो व त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. ही रेषा कोणी, केव्हा व कशासाठी ओढली? विद्यार्थ्याचे लक्ष अभ्यासावरून उडू नये एवढ्याचसाठी ती आहे, अशी सामान्य समजूत आढळते. ही समजूत निराधार नाही. परंतु इतिहासाच्या कसोटीवर ती अपुरी ठरते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतील घटनाक्रम पाहता असे दिसते, की परदेशी विद्यार्थ्याच्या श्रमावरील निर्बंध मुख्यतः त्या त्या देशाच्या श्रमबाजाराच्या कलाने कडक अथवा शिथिल होत आले आहेत. प्रस्तुत लेखात ह्या विधानाची छाननी मराठी विद्यार्थ्यांच्या अनुभवाच्या आधारे केली आहे.

२. स्वदेशातील परंपरा

परदेशाकडे वळण्यापूर्वी स्वदेशातील परंपरेचा विचार करणे इष्ट होईल. निर्धन विद्यार्थ्याने माधुकरी मागावी, अथवा सात घरी सात वार लावून जेवावे, ही महाराष्ट्रातील जुनी रीत होती. तिने अनेकांचे शिक्षण पार पडले; तथापि हा आधार प्रायः ब्राह्मण मुलांनाच मिळे, आणि त्यात श्रमाचा मोबदला नसून दान होते. ज्याला जातीमुळे ही दारे बंद होती, त्याला स्वतःच्या कष्टावाचून दुसरा मार्ग नव्हता. दिवसा राबणाऱ्या लोकांसाठी जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात काढलेली रात्रशाळा हे ह्या वस्तुस्थितीला दिलेले उत्तर होते.

भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. ‘कमवा आणि शिका’ ह्या नावाने पुढे सर्वतोमुखी झालेल्या त्यांच्या पद्धतीत विद्यार्थ्याने शेतात वा बांधकामावर काम करून शिकणे हे केवळ गरिबीचे ओझे राहिले नाही. तो शिक्षणाचाच भाग झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले. दान, श्रम व नोकरी अशा ह्या तीन पायऱ्या आहेत. कळव्यासारख्या गावातून आज परदेशी जाणारा विद्यार्थी हीच परंपरा मनात घेऊन जातो. विद्यार्थी आणि कामगार ह्या दोन भिन्न जाती आहेत, ही कल्पना त्याच्या घरची नव्हे. ती कोठून आली हे पाहण्यासाठी १८८२ सालाकडे जावे लागते.

३. विद्यार्थी व मजूर यांची फारकत

अमेरिकेच्या काँग्रेसने मे १८८२ मध्ये चिनी लोकांच्या प्रवेशाला मनाई करणारा कायदा केला. ही मनाई सरसकट नव्हती. ती मजुरांना होती. व्यापारी, शिक्षक, प्रवासी व विद्यार्थी यांना तीतून सूट होती. मनुष्य एकच असला, तरी तो ‘विद्यार्थी’ म्हणून आला तर स्वागतार्ह व ‘मजूर’ म्हणून आला तर त्याज्य, हा भेद येथे प्रथमच कायद्यात स्पष्टपणे अवतरला. अर्थात विद्यार्थी कोणास म्हणावे हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९०० साली अमेरिकेच्या कोषखात्याने त्याची जी व्याख्या स्वीकारली, तीत उच्च शिक्षणाच्या हेतूबरोबरच त्याच्या निर्वाहाची तरतूद आधीच झालेली असली पाहिजे, अशी अट होती. तात्पर्य, ज्याला पोटासाठी काम करावे लागेल तो विद्यार्थीच नव्हे. पुढील काळातील बहुतेक सर्व नियमांचे बीज ह्या एका अटीत आहे.

ह्या कायद्याला जेमतेम एक वर्ष होते न होते, तोच आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. त्यांचे माहेर कल्याणचे, म्हणजे कळव्यावरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावरचे. हिंदी माणसांना हा कायदा लागू नसल्यामुळे त्यांच्या प्रवेशास अडथळा आला नाही. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व ११ मार्च १८८६ रोजी पदवी संपादन केली. त्यांच्या खर्चाचा भार पती गोपाळराव यांची टपालखात्यातील कमाई, रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाचा आश्रय व इतर हितचिंतकांचे साहाय्य ह्यांवर होता. अर्थार्जनाचा प्रश्न त्यांच्यापुढे कायद्याच्या रूपाने आला नाही. परंतु थंडी, आहाराची आबाळ व अभ्यासाचा ताण ह्यांनी प्रकृती खालावून फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास त्यांचा अंत झाला. अपुऱ्या साधनांवर परदेशी शिकण्याची किंमत केवळ पैशात मोजता येत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते.

४. पॅसिफिक किनाऱ्यावरील श्रमिक विद्यार्थी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी विद्यार्थ्यांचा एक निराळाच वर्ग दिसू लागला. इंग्लंडात जाणारा विद्यार्थी सामान्यतः सधन घरचा अथवा शिष्यवृत्तीधारक असे. पॅसिफिक किनाऱ्यावरील विद्यार्थ्यापाशी बहुधा यांपैकी काहीच नसे. तेथील महाविद्यालयांचे शुल्क कमी होते, उन्हाळ्याची सुटी दीर्घ होती आणि फळबागांत, शेतांत व लाकूड कापण्याच्या गिरण्यांत मजुरांची मागणी होती. उन्हाळ्यात फळे तोडावयाची, सत्रात एखाद्या घरी वा खाणावळीत भांडी घासावयाची आणि त्यावर वर्षाचे शिक्षण करावयाचे, असा हा क्रम असे. सारंगधर दास यांनी १९११ साली ‘मॉडर्न रिव्ह्यू’ ह्या कलकत्त्याच्या मासिकात पॅसिफिक किनाऱ्यावर येऊ इच्छिणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहितीपर लेख लिहिला, यावरून ही वाट किती परिचित होऊ लागली होती याची कल्पना येते.

ह्या वर्गातील सर्वांत लक्षणीय मराठी नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे. वर्धा परिसरातील हा तरुण स्वातंत्र्याच्या ध्यासाने देशाबाहेर पडला व जपानमार्गे अमेरिकेत पोहोचला. मिळेल त्या ठिकाणी मजुरी करीत त्यांनी ओरेगॉन कृषि महाविद्यालय व वॉशिंग्टन राज्य महाविद्यालय येथे शेतकीचे उच्च शिक्षण घेतले. लाकडाच्या गिरण्यांतील व शेतांवरील पंजाबी मजुरांशी त्यांचा जो संबंध आला, तो केवळ व्याख्याता व श्रोता असा नव्हता. दोघांचेही हात एकाच प्रकारच्या कामाने घट्टे पडलेले होते. गदर चळवळीच्या उभारणीत खानखोजे यांना जे स्थान मिळाले, त्याचे एक कारण ह्या सहश्रमात शोधावे लागते. पुढे इराण व अन्य देशांतील भ्रमंतीनंतर ते १९२४ साली मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित वाणांवरील त्यांच्या संशोधनाची तेथे दखल घेतली गेली व चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. परान्नाने नव्हे तर मजुरीने शिकलेला हा विद्यार्थी पुढे दुसऱ्या राष्ट्राच्या अन्नाचा संशोधक झाला.

तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे याच काळात यंत्रशास्त्र शिकण्यासाठी सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले होते. गदर चळवळीत पडून ते स्वदेशी परतले व लाहोरच्या खटल्यात दोषी ठरून १६ नोव्हेंबर १९१५ रोजी, बर्कलेस शिकावयास गेलेल्या कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर, फासावर गेले.

विद्यार्थी व मजूर यांच्यामधील भिंत नसल्याचा एक परिणाम असाही होता, की मजुरांवर येणारे संकट विद्यार्थ्यांवरही येई. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम येथे गोऱ्या कामगारांच्या जमावाने गिरण्यांतील शेकडो हिंदी मजुरांना गावाबाहेर हुसकले. स्वस्त मजुरीने आपली रोजी जाईल ही त्यामागील भीती होती. उन्हाळ्यात त्याच गिरणीत काम करणारा विद्यार्थी आपल्या वह्या दाखवून ह्या रोषातून सुटू शकत नव्हता.

५. शिष्यवृत्तीचे करार

ज्यांस शिष्यवृत्ती मिळे त्यांचे श्रम मोकळे होते असे मात्र नाही. त्यांच्यावरील बंधन निराळ्या प्रकारचे असे. बडोदे संस्थानचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना दिलेल्या शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा साडेअकरा पौंड होती व मुदत तीन वर्षांची होती. त्याच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला. कोलंबिया विद्यापीठात ते अध्ययनात पूर्णपणे गढून गेले, परंतु तो काळ उसना होता व त्याची परतफेड भावी श्रमाने करावयाची होती. लंडनमधील अभ्यास अपुरा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्यास अस्पृश्यतेच्या वागणुकीमुळे त्यांना राहणे अशक्य झाले, ही घटना सर्वश्रुत आहे. त्यानंतर सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना ह्या मित्राकडील कर्ज ह्यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी तेथील विद्यापीठाची डी. एस्‌सी. पदवी मिळविली. शिकत असताना मिळविणे शक्य नव्हते. म्हणून आधी मिळवून मग शिकणे हा मार्ग त्यांनी पत्करला.

याच्या नेमकी उलट अट श्यामजी कृष्णवर्मा यांच्या लंडनमधील शिष्यवृत्त्यांना होती. ती स्वीकारणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करता कामा नये असा त्यांचा दंडक होता. लोकमान्य टिळकांच्या शिफारसीने विनायक दामोदर सावरकर १९०६ साली ज्या ‘शिवाजी शिष्यवृत्ती’वर लंडनला गेले, ती ह्याच योजनेतील होती. एका शिष्यवृत्तीने नोकरीचे बंधन घातले, दुसरीने नोकरीचा त्याग मागितला. दोहोंतही विद्यार्थ्याच्या भावी श्रमावर दात्याचा हक्क गृहीत धरलेला आहे. मजुरी करणाऱ्या खानखोजे यांच्यावर असा हक्क सांगणारा कोणी नव्हता, हा फरक विचारात घेण्याजोगा आहे.

६. १९१७ ते १९३२ : रेषा आखली जाते

पश्चिम किनाऱ्यावरील रोषाला अमेरिकेने कायद्याचे रूप १९१७ साली दिले. त्या वर्षीच्या कायद्याने आशियाचा मोठा भाग निषिद्ध प्रदेश ठरविण्यात आला व हिंदुस्थान त्यात अंतर्भूत झाला. पूर्वी केवळ चिनी मजुरांना लागू असलेला भेद आता हिंदी माणसांना लागू झाला. मजूर वर्ज्य ठरला; विद्यार्थी, व्यापारी, शिक्षक आदींना सूट राहिली. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य अमेरिकेचा नागरिक होण्यास पात्र नाही असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने विद्यार्थ्याची कोट्याबाहेरील स्वतंत्र श्रेणी निर्माण केली. तो किमान १५ वर्षांचा असावा, त्याने केवळ अध्ययनासाठीच यावे, त्याची संस्था मजूर खात्याच्या मंत्र्याने मान्य केलेली असावी व त्याने शिक्षण सोडल्यास संस्थेने तसे कळवावे, अशा अटी त्यात होत्या. शिक्षणसंस्थांना मान्यता देण्याचा अधिकार मजूर खात्याकडे होता, ही गोष्ट विशेष बोलकी आहे. विद्यार्थी हा विद्येचा विषय असला, तरी राज्ययंत्रणेच्या दृष्टीने तो संभाव्य मजूर होता.

‘केवळ अध्ययनासाठी’ ह्या शब्दांचा कस महामंदीत लागला. १९३३ पर्यंत अमेरिकेतील जवळजवळ दर चार कामगारांत एक बेकार झाला होता. त्याआधी १९३२ साली मजूर खात्याचे मंत्री विल्यम डोक यांनी कोट्याबाहेरील विद्यार्थ्यांनी निर्वाहासाठी मोलाचे काम करण्यास मनाई केली. भांडी घासून शिकणारा विद्यार्थी आता हद्दपारीस पात्र ठरू लागला. त्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात तोपर्यंत काही बिघाड झाला होता म्हणून ही मनाई आली, असे दाखविता येत नाही. बिघाड झाला होता तो रोजगारात. पंचवीस वर्षांपूर्वी जो मार्ग खानखोजे यांना खुला होता, तो त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणासाठी ह्या आदेशाने बंद झाला.

१९५२ च्या कायद्याने आजची ‘एफ’ ही विद्यार्थिश्रेणी अस्तित्वात आली. स्वदेशातील आपले घर सोडण्याचा आपला इरादा नाही, असे विद्यार्थ्याने दाखविले पाहिजे, ही तिची मुख्य अट आजतागायत टिकून आहे.

७. इंग्लंड : प्रजेचा हक्क आणि त्याचा लोप

इंग्लंडची कथा उलट दिशेने जाते. साम्राज्याच्या काळात हिंदी विद्यार्थी तेथे परका नव्हता. तो ब्रिटिश राजाचा प्रजाजन होता. स्वातंत्र्यानंतरही १९४८ च्या राष्ट्रीयत्वविषयक कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांचा हा हक्क कायम ठेवला. त्यामुळे लंडनमधील मराठी विद्यार्थ्याने टपालकचेरीत वा उपाहारगृहात किती तास काम करावे, हे सरकारने ठरविण्याचा प्रश्नच नव्हता. वर्णभेद होता, घर मिळण्यात अडचण होती, वेतन तुटपुंजे होते. परंतु काम करणे हा गुन्हा नव्हता.

हा हक्क १९६२ च्या राष्ट्रकुल आगंतुक कायद्याने संपुष्टात आला. १ जुलै १९६२ पासून राष्ट्रकुलातील नागरिकाला मर्यादित मुदतीसाठी व त्याच्या व्यवसायावर निर्बंध घालून प्रवेश देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस प्राप्त झाला. १९७१ च्या कायद्याने ही व्यवस्था अधिक घट्ट केली. याच सुमारास शुल्काचा प्रश्नही निर्माण झाला. १९६७ साली परदेशी विद्यार्थ्यांचे वार्षिक शुल्क स्थानिकांच्या सुमारे ७० पौंडांच्या तुलनेत २५० पौंड करण्यात आले, आणि १९८० पासून त्यांच्याकडून शिक्षणाचा संपूर्ण खर्च घेण्यास आरंभ झाला. म्हणजे मिळकतीवर मर्यादा आली, त्याच काळात खर्चाची मर्यादा मात्र काढून टाकण्यात आली. ह्या दोन हालचाली वेगवेगळ्या खात्यांनी केल्या असतील; विद्यार्थ्याच्या खिशात त्या एकत्र येतात.

८. तासांचे राज्य

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरसकट मनाईऐवजी तासांची मर्यादा हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. अमेरिकेत सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तास काम करता येते. आवाराबाहेरील कामास स्वतंत्र अनुज्ञा लागते व पहिल्या शैक्षणिक वर्षात ती प्रायः मिळत नाही. पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयाशी संबद्ध काम करता येते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित ह्या शाखांस २०१६ च्या नियमाने आणखी २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. ह्या सवलतीचे महत्त्व आकड्यांवरून दिसते. २०२३-२४ ह्या शैक्षणिक वर्षी अमेरिकेत नोंदलेल्या ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थ्यांपैकी ९७,५५६ जण ह्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या कामावर होते. कागदोपत्री जे ‘विद्यार्थी’ आहेत, त्यांतील सुमारे तीन दशांश वस्तुतः नोकरी करीत होते.

इंग्लंडात पदवी वा त्यावरील शिक्षण घेणाऱ्यास सत्रकाळात आठवड्यास २० तासांची मर्यादा आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो असे तेथील नियमात सांगितले आहे. बिनवेतनी कामही ह्या तासांत मोजले जाते, आणि स्वतंत्र धंदा करण्यास व व्यावसायिक कलावंत म्हणून काम करण्यास मनाई आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा उन्हाळ्यातील प्रबंधलेखनाचा काळ सामान्यतः सुटी म्हणून धरला जात नाही, हे अनेकांस उशिरा कळते. जपानने ही मर्यादा आठवड्यास २८ तासांची ठेवली आहे. जर्मनीने मार्च २०२४ पासून वर्षास १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस अशी ती वाढविली, पूर्वी हे आकडे १२० व २४० होते.

हे आकडे स्थिर असते, तर अभ्यासासाठी लागणाऱ्या वेळेचे काही शास्त्रीय गणित त्यांमागे आहे असे मानता आले असते. परंतु ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांचे अलीकडील वर्तन ह्या तर्काला छेद देते. ऑस्ट्रेलियात पंधरवड्यास ४० तासांची मर्यादा होती. महामारीनंतर कामगारांची टंचाई भासू लागताच जानेवारी २०२२ मध्ये ती उठविण्यात आली; टंचाई ओसरू लागल्यावर १ जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास अशी मर्यादा पुन्हा घालण्यात आली. कॅनडाने आवाराबाहेरील २० तासांची मर्यादा १५ नोव्हेंबर २०२२ पासून ३० एप्रिल २०२४ पर्यंत तहकूब ठेवली व ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ तासांवर आणली. ह्या मधल्या काळात विद्यार्थ्याची बुद्धी अथवा अभ्यासक्रमाचा भार बदलला नव्हता. बदलली होती ती दुकानांची, गोदामांची व शुश्रूषालयांची गरज. १९३२ साली बेकारीमुळे विद्यार्थ्याचा हात कामावरून काढण्यात आला. २०२२ साली टंचाईमुळे तोच हात पुन्हा मागण्यात आला. दोन्ही निर्णयांचे तर्कशास्त्र एकच आहे.

निर्वाहाच्या तरतुदीची १९०० सालची अटही विस्मृतीत गेलेली नाही. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठी दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरांवरून २०,६३५ डॉलरांवर नेली. शुल्क व प्रवासखर्च याखेरीज ही रक्कम होती. विद्यार्थ्याला मजुरीची गरज नाही असे एका कागदावर सिद्ध करून घ्यावयाचे आणि दुसऱ्या कागदाने त्याला मजुरीचे तास बहाल करावयाचे, ही विसंगती ह्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

९. मर्यादेबाहेरील तास

तासांच्या मर्यादेचा सर्वांत गंभीर परिणाम जो ती पाळतो त्याच्यावर होत नाही. जो ती मोडतो अथवा ज्याला ती मोडावी लागते, त्याच्यावर होतो. ऑस्ट्रेलियातील सेव्हन-इलेव्हन ह्या दुकानांच्या साखळीविषयी २०१५ साली तेथील वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने जे उघडकीस आणले, ते ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे काम करणाऱ्यांत परदेशी, विशेषतः भारतीय उपखंडातील, विद्यार्थी बहुसंख्य होते. काही दुकानचालक त्यांच्याकडून मर्यादेच्या दुप्पट तास काम करवून घेत, वहीत मात्र मर्यादेपुरतेच तास मांडीत व तेवढेच वेतन देत. परिणामी ताशी वेतन निम्म्यावर येई. विद्यार्थ्याने तक्रार केली, तर त्याने परवान्याचा भंग केल्याचे सरकारला कळविण्याची धमकी दिली जाई. पुढे ह्या कामगारांना देण्यात आलेली भरपाई १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक झाली.

येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की ह्या पिळवणुकीचे हत्यार स्वतः तो नियमच होता. मर्यादा नसती, तर दुकानचालकास खोटी वही लिहिण्याचे कारण नव्हते व धमकीला धार नव्हती. विद्यार्थ्याच्या रक्षणासाठी म्हणून सांगितलेला नियम त्याला न्यायालयाच्या दारापासून दूर ठेवणारा ठरला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अमलात आणलेल्या कायद्यान्वये एखाद्याच्या परवान्याच्या स्थितीचा धाक घालून त्याला राबविणे हा मालकाचा फौजदारी गुन्हा ठरविला आहे. ह्या दुरुस्तीत गेल्या अनुभवाची अप्रत्यक्ष कबुलीच आहे.

मर्यादेच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, हे नाकारता येणार नाही. मर्यादा अजिबात नसती, तर शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजुरांची आयात करणाऱ्या संस्था वाढल्या असत्या. रात्रभर गोदामात राबून सकाळी वर्गात झोपणारा विद्यार्थी ना विद्या मिळवितो ना पुरते वेतन. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातही कामाला वेळेचे बंधन होते. परंतु तेथे काम कोणते, किती व कशासाठी हे ठरविणारा आणि मुलाच्या शिक्षणास जबाबदार असणारा मनुष्य एकच होता. परदेशात तास ठरविते एक खाते, शुल्क ठरविते विद्यापीठ, वेतन ठरवितो दुकानदार. विद्यार्थ्याच्या एकूण हिताची जबाबदारी यांपैकी कोणाकडेही नसते.

१०. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, परदेशी विद्यार्थ्याच्या श्रमावरील निर्बंधाचा उगम शिक्षणविषयक विचारात नसून १८८२ ते १९२४ ह्या काळात आशियाई मजुरांना रोखण्यासाठी झालेल्या कायद्यांत आहे. दुसरी, ह्या निर्बंधाचे प्रमाण बेकारी व टंचाई यांनुसार बदलत आले आहे, आणि म्हणून कोणत्याही एका वर्षीच्या आकड्याला चिरंतन मानणे धोक्याचे आहे. तिसरी, निर्बंधाची झळ सर्वांना सारखी लागत नाही. ज्याच्या घरी पुरेशी पुंजी आहे त्याला विसावा तास व एकविसावा तास यांतील भेद जाणवतही नाही. ज्याच्या घरी ती नाही त्याचे सारे भवितव्य त्या एका तासावर टांगलेले असते.

ह्यापैकी दुसऱ्या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ साधा आहे. कळव्यातील एखादे कुटुंब राहती जागा तारण ठेवून कर्ज काढते, तेव्हा परतफेडीच्या हिशेबात मुलाची अथवा मुलीची परदेशातील अर्धवेळ मिळकत धरली जाते. तो हिशेब त्या दिवशीच्या नियमावर बेतलेला असतो. २०२२ साली ऑस्ट्रेलियास किंवा कॅनडास गेलेल्यांनी धरलेले तास त्यांचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच बदलले. कर्जाची मुदत दहा-पंधरा वर्षांची असते. नियमाचे आयुष्य कधी दीड वर्षाचे ठरते. अशा स्थितीत तासांची मिळकत हा वरखर्चाचा आधार मानावा, शुल्काचा मानू नये, एवढा धडा तरी ह्या इतिहासातून घेता येतो.

खानखोजे यांच्या काळी वाट खडतर होती, परंतु ती कष्टाने चालता येण्याजोगी होती. आजची वाट अधिक रुंद आहे. दरवर्षी सहस्रावधी मराठी तरुण-तरुणी तिच्यावरून जातात. तथापि केवळ दोन हातांच्या भरवशावर निघालेल्या विद्यार्थ्यास त्या वाटेवर पूर्वीइतकी जागा उरलेली नाही. महाराष्ट्राने आपल्या भूमीवर श्रम व विद्या यांची जी सांगड घातली, ती सागरापलीकडे कायद्याने कशी सोडविली गेली, हे समजून घेतल्याखेरीज त्या विद्यार्थ्याचे यश अथवा अपयश यांपैकी कशाचेही यथार्थ मूल्यमापन करता येणार नाही.